वहीतले आकडे

योकोतेच्या वरच्या वस्तीत
छपरावरचा बर्फ उतरवून आलेले कुदो त्सुनेओ
माझ्यापुढे वही सरकवतात.
एकशे अठ्ठावीस. एकशे सव्वीस. एकशे अठ्ठावीस.
तीन महिने,
एका बैठकीत, एकाच पेनाने लिहावेत तसे.

मी नर्स आहे, पोलीस नाही.
चहा पिते.
प्रेशरचं यंत्र कपाटावर, खोक्यात,
वरची चिकटपट्टीही तशीच.

धुरी दिलेल्या मुळ्याचं लोणचं
ते बशीत काढतात. दोन फोडी मला.
स्वतःला दोन, मग आणखी दोन.
"बायकोने घातलेलं शेवटचं पिंप.
तळ दिसायला लागलाय."

गोळ्यांचं मी विचारत नाही.
तेच बोलतात, खिडकीकडे बघत:
वडील इथेच गेले, या वळचणीखाली,
हातात फावडं.
चोपन्न वर्षांचे. सकाळी ठणठणीत.
"कळलं नाही तोवर काही झालेलं नसतं, बाई.
आकडा एकदा पाहिला
की तो घरात मुक्कामाला येतो."

याचं उत्तर माझ्या पिशवीत आहे, छापील, चित्रांसह.
ते पिशवीतच राहू देते.
खोकं उतरवते, चिकटपट्टी काढते
आणि पट्टा माझ्याच दंडाला गुंडाळते.
यंत्र घुरघुरतं, आवळतं, सोडतं.
एकशे बावन्न.

"लिहा," मी म्हणते, "हा माझा."

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत नाहीत.
मग लिहितात. खरा. ठसठशीत.
आणि माझ्यापुढची लोणच्याची बशी
हळूच
आपल्याकडे ओढून घेतात.