नव्वद दिवस

टोलीडोत, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
ऑर्विल केस्टनर फॉर्म भरतोय.
किंमत कळावी म्हणून नाणं पाठवायचं,
आणि पाठवायचं तर आधी किंमत लिहायची –
दोनदा वाचूनही हे त्याच्या गळी उतरत नाही.

एक्सप्रेस, पाच दिवस. रेग्युलर, महिना.
इकॉनॉमी: नव्वद, कदाचित जास्तही.

आजोबांचा चांदीचा डॉलर.
एका नाताळला आर्डिथनं खायचा सोडा लावून
लख्ख घासून हातावर ठेवला होता.
केवढी खूश होती!
तो काही बोलला नाही तेव्हा.

भिंगवाला बोलेल. एकच शब्द:
घासलेलं.

"कुठला घेतलास रे?" आतून ती विचारते,
टीव्हीचा आवाज कमी करून.

"स्वस्तातला,"
म्हणत तो पेन उचलतो.