नऊ सेकंद पुढे

कोपरखैरण्यात, सेक्टर पाचात,
गोल आधी समोरच्या बिल्डिंगमध्ये होतो.
पिसाळकाकांच्या गच्चीवर गंजकी छत्री आहे,
तिच्यात सामना आभाळातून थेट पडतो.
आमच्याकडे मोबाइलवर, गल्लीबोळ विचारत विचारत,
नऊ सेकंद उशिरा पोचतो.
सुयोगने घड्याळ लावून मोजलंय.

म्हणजे आमचा सेनेगल अजून बॉल अडवतोय
आणि समोरून आरोळी:
"गेलाऽऽ!"
गेला म्हणजे गेला.
मग नऊ सेकंद आम्ही
मेलेल्या माणसाला धावताना बघतो.

सेनेगल आमचा कसा, म्हणाल तर
आपला देश काही पात्र ठरत नाही,
म्हणून बिल्डिंगने एकेक दत्तक घेतलाय.
म्हात्रे वहिनींनी क्रोएशिया:
"बाई गं, आमच्या मोरीच्या टाइल्स अश्शाच!"
कुरियन जन्मापासून ब्राझील, त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
सेक्रेटरी ढमाले जपान,
कारण ते लोक जाताना स्टेडियम झाडून जातात
आणि तुम्ही जिन्यात थुंकता,
असं त्यांनी नोटीस बोर्डावर लावलंसुद्धा.
मला चिठ्ठीत सेनेगल निघाला.
दोन दिवस तो नकाशात शोधण्यात गेले,
तिसऱ्या दिवशी त्याच्या गोलकीपरसाठी
आईने मरीआईला नारळ कबूल केला.

उपांत्यपूर्व फेरीआधी आम्ही शिष्टमंडळ नेलं.
"काका, ओरडण्याआधी जरा नऊ सेकंद दम धरा."
काकांची एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात गेली,
मान अजून पोत्याखाली असल्यासारखी वाकडी.
म्हणाले, "पोरांनो, मी बाराला उठतो,
चारला मार्केट गाठतो.
मधल्या वेळात ओरडायचं नाही,
तर काय उपास करू?"
काकूंनी चहा दिला, वर खारी.
शिष्टमंडळ खारीसारखंच विरघळलं.
निघताना काका म्हणाले, "बरं, असं करू,
मी सगळ्यालाच ओरडतो."

आणि दिला शब्द पाळला.
कॉर्नरला ओरडले, थ्रोला ओरडले,
एकाने बुटाची नाडी बांधली, तेव्हा तर
खालची कुत्री उठून बसली.
बिस्किटाच्या जाहिरातीला "गेलाऽऽ!"
रेफरीला शिंका आली, "गेलाऽऽ!"
भविष्य पुन्हा पूर्वीसारखं झालं:
आवाज भरपूर, अर्थ लागेना.
आम्ही सुखाने सामना बघू लागलो.

मग ती रात्र.
सेनेगल आणि मोरीच्या टाइल्स,
बरोबरी, जादा वेळ, पेनल्ट्या.
सोफ्यावर वहिनी आणि मी, मधे उशी, सीमारेषा म्हणून.
कुरियन ब्राझील हरल्यापासून न धुतलेल्या पिवळ्या शर्टात,
ढमाले झाडू घेऊनच आलेले, कुणास ठाऊक का.
चार-चार झाले.
वहिनींच्या पाचव्याने जाळं फाडलं.
आता आमचा पाचवा. त्याने बॉल ठेवला,
चार पावलं मागे गेला,
आणि आम्ही सगळ्यांनी मोबाइल सोडून
समोरच्या खिडकीकडे पाहिलं.

खिडकी गप्प.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.
एक, दोन, तीन...
सुयोग ओठांतल्या ओठांत मोजत होता.
आई म्हणाली, "गप्प म्हणजे चांगलं की वाईट?"
सहा. सात.
कुणालाच ठाऊक नव्हतं.

बॉल खांबाला लागला.

वहिनी आधी किंचाळल्या,
मग माझं तोंड बघून उशी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली काका भेटले.
"काल ओरडला नाहीत?"
"डोळा लागला रे, वय झालं."
लागला असेल.
पण दिवा चालू होता,
आणि गजांमागे कुणीतरी उभं होतं,
तोंडावर हात घट्ट दाबून.

नारळ आईने फोडलाच.
"पोराने दोन अडवले ना? मग?"
खोबऱ्याची चटणी केली,
पहिली वाटी म्हात्र्यांकडे,
दुसरी समोरच्या बिल्डिंगमध्ये.
ती पोचवायला मलाच पाठवलं,
आणि मी, अर्थातच, उशिरा पोचलो.