बोली

थंडर बे, रात्रीचे अकरा.
बाहेर लेक सुपीरियर गोठत चाललंय,
आत स्वयंपाकघरात हीटर खोकतोय.
लॅपटॉपच्या उजेडात चांदीचा एक डॉलर:
डोंगी, डोंगीत वल्ही मारणारे दोघे,
मागे बेटावर दोन झाडं.
विक्रेता म्हणतो, दुर्मिळ.
म्हणतो, जणू कालच टांकसाळीतून आलंय.

कालचं तर खरंच.
काल कुणीतरी त्याला सोडा लावून घासलंय.
कल्हई केलेल्या पातेल्यासारखं ते लकाकतंय,
आणि झाडांमागे ध्रुवप्रकाशाच्या ज्या बारीक रेषा असतात
त्या गेल्यात.
आकाशच खरवडून काढलं बाबाने
आणि किंमत लावली तिप्पट.

एकतीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर काटा सांभाळला.
प्रेअरीतून गव्हाच्या वाघिणी यायच्या,
आणि कुणाच्या बुटाचं टोक फळीवर टेकलंय
ते मान वर न करता कळायचं मला.
सुई जरा उशिरा थांबायची, बस.

इथेही उशिरा थांबते.
मी चाळीस म्हटलं की पंचेचाळीस.
साठ म्हटलं की पासष्ट, तेही नऊ सेकंद उरले असताना.
नाव अर्धं झाकलेलं: ब, मग तीन चांदण्या, मग सात.
वहीत टिपून ठेवलंय मी.
सप्टेंबरपासून या एकाच विक्रेत्याकडे
ब-सात एक्केचाळीस वेळा बोलला,
नाणं घेतलं एकदाही नाही.
असा कसला गिऱ्हाईक,
ज्याला एकाच दुकानातलं सगळं आवडतं
आणि घरी काहीच न्यायचं नसतं?

बोली म्हणतात याला.
आमची आई जी फिनिश बोलायची
ती इथल्या वाण्याला कळायची नाही,
पण निदान तिला तोंड होतं.
पुढच्या दातांच्या फटीतून शिट्टी वाजायची
आणि बटाटे हवेत की कांदे
ते हाताने दाखवून, भाव करून, ती घेऊन यायची.

भाचा म्हणतो, आइलामावशी, तक्रार कर.
केली होती की.
उत्तर आलं, आपलं मत आम्हाला मोलाचं वाटतं.
किती मोलाचं, ते लिहिलं नव्हतं.

आज मी एकशे ऐंशीपर्यंत गेले.
ब-सात, एकशे पंच्याऐंशी.
आणि मग मी दोन्ही हात मांडीवर ठेवले.
सात सेकंद. पाच.
एकवार, दोनवार म्हणणारं कुणी नसतं इथे,
नुसते आकडे गळत जातात.
पहिल्यांदाच त्याच्यावर कुणी चढवलं नाही,
आणि त्याने स्वतःचंच नाणं
स्वतःकडून जिंकलं.

सकाळी विक्रेत्याचा निरोप:
विजेते अचानक आजारी पडल्याने माघार घेत आहेत,
आपल्याच भावात नाणं आपलं, हवंय का?
मी लिहिलं, अरेरे, काय झालंय त्यांना?
वाटाण्याचं सूप पाठवते, पत्ता कळवा.
दुपार झाली. पत्ता नाही.

हसले मी, एकटीच, बरीच.
मग उगाच ड्रॉवर उघडला.

तिथे बाबांचा डॉलर आहे.
मी नऊ वर्षांची होते, ते लाकूडतोडीच्या छावणीवर गेले होते,
आणि मी दंतमंजन आणि जुना मोजा घेऊन
अख्खी दुपार त्याला घासत बसले.
ते आले तशी दारातच हातात ठेवला.
त्यांनी तो दिव्याकडे धरला, फिरवला,
अंगठा एकदा झाडांमागून नेला.
छान, म्हणाले.
आणि पुन्हा कधी मागितला नाही.

बासष्ट वर्षं झाली.
राजाच्या मानेमागे आत्ता कुठे तांबूस कड धरलीय,
चहाच्या कपाच्या बुडाशी धरते तशी.
मागच्या बाजूला अजून कोरंच आहे.
कधीकधी मी तिथे नख फिरवून बघते.