दोन वीत गाळ

ओहोटी लागली की टावे नदी
आपलं बूड दाखवते.
स्वॉन्झीत, पुलाच्या खालच्या अंगाला,
मांडीपर्यंतचे रबरी बूट घालून मी उभी,
हातात प्लॅस्टिकची नळी, बगलेत वही.
पलीकडे इदवल, वय एकोणऐंशी,
गळाला लावायला किडे उकरतोय.
आम्ही दोघंही चिखलच खणतो.
तो हौसेनं, मी पगारावर.

नळी रेटते, वरून टोपण दाबते,
उपसताना चिखल मोठ्ठा घोट गिळल्यासारखा वाजतो.
संध्याकाळी प्रयोगशाळेत कापेन ती,
अळूवडीचा उंडा कापावा तशी, पेरापेराएवढी:
वरची चकती तपकिरी,
मग काळी, नासक्या अंड्याच्या वासाची,
मग शिसं, जस्त, कॅडमियम,
आणि तांबं, तांबं, तांबं.
भट्ट्या केव्हाच विझल्या.
धूर वाऱ्यानं नेला, पैसा ज्यांचा त्यांनी.
जे जड होतं ते इथंच बसलं.

इदवल बादली तिरकी करतो.
"इथले जरा हिरवे असतात, बघ."
त्याच्या तळव्यावर वळवळतं
न घासलेलं ताम्हन.
"मासा खातो हे?"
"मासा काय रंग विचारतो?"
"आणि मासा तू खातोस?"
तो बाहीला नाक पुसतो. समुद्राकडे बघतो.

त्याचा आजा भट्टीवर होता,
वितळलेलं तांबं पळ्यांनी ओतायचा.
"तुझ्या नळीत," तो म्हणतो,
"कितव्या चकतीत सापडेल तो?"
मी तोंड उघडते: सेंटिमीटर, साल,
अधिक-उणे दहा वर्षं.
मिटते.

धक्क्यावरच्या बोटींची बुडं घासतात आता,
त्यांना गाळ काढून हवा आहे.
अहवालात मला एकच वाक्य लिहायचंय,
उपसावा की राहू द्यावा.
उपसला तर बसलेलं सगळं उठेल.
गाडलेली मढी उकरू नयेत म्हणतात आमच्याकडे,
पण ते भावकीच्या भांडणांबद्दल.
इथली मढी न उकरताही उठतात,
थोडी किड्यात,
थोडी किडा खाणाऱ्यात.

परवा आईचा फोन:
रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेव,
सकाळी उपाशीपोटी पी, अंगी लागतं.
हो म्हणाले. नखांतलं काळं
दुसऱ्या नखानं काढत.

भरती येते.
आधी माझं भोक बुजतं, मग इदवलचे खड्डे.
बादली उचलून तो निघतो, मागे न बघता हात हलवतो.
वर पुलावर कुणीतरी मुलाला उचलून दाखवतंय,
किती छान, स्वच्छ पाणी.