बावन्न सेकंद

मी खरं तर मिरचीसाठी आलो होतो.
जानेवारीत नंदुरबारच्या वेशीवर पथाऱ्या पडतात,
इतक्या लाल की कॅमेऱ्याचा मीटर गोंधळतो.
सव्वीस तारीख, शुक्रवार, जोडून सुट्टी,
भुसावळहून अंधारातली पॅसेंजर,
पिशवीत दोन लेन्स आणि कळण्याची भाकरी.

रिक्षावाला म्हणाला, पथारीवर आज कोन्ही नही भो,
गर्दी दखनी व्हई ते तहसीलकडे जा.

गेलो. उगाचच.

साठ-सत्तर अंगणवाडीताई रस्त्याच्या कडेला बसलेल्या.
साड्या एकाच ठाणातल्या,
पण प्रत्येक गावच्या पाण्यानं रंग वेगळा उतरवलेला.
लिंबाच्या खालच्या फांदीला
बाळं तोलायचा काटा टांगला होता
आणि झोळीत, बाळाच्या जागी, रजिस्टरं.
सात महिन्यांची.
काटा चौदा किलोवर.
फलकाला घडी पडलेली, त्यामुळे 'मानधन' मधलं
फक्त 'मान' दिसत होतं.
मी ती घडी हलायच्या आत क्लिक केलं.

घोषणा नव्हत्या.
झेंडा वर जाईपर्यंत बोलायचं नाही, असं त्यांचं ठरलेलं.
हवालदार देवरे माझ्याकडे आले.
प्रेसचे का?
नाही, हौशी.
मग हौसेनं काढा, पण बाजूनं.

बाजूनं काढत राहिलो:
चपलांची रांग,
पदराखाली धरलेला स्टीलचा डबा,
कोणाच्या तरी हातावर पेननं लिहिलेली कामाची यादी,
जी आंदोलनाची नव्हती, घरची होती.

मग तहसीलच्या आवारात कर्णा खरखरला
आणि राष्ट्रगीत सुरू झालं.

सगळ्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकत, एकमेकींना धरत.
देवरे ताठ. रिक्षावाला ताठ.
रस्त्यापलीकडे जिलेबीवाल्यानं झारा कढईवर तसाच धरलेला,
त्यातून तेल ठिबकत होतं.
मीही उभा राहिलो, हात मांड्यांना चिकटवून,
कॅमेरा गळ्यात.

तेव्हा ती निघाली.
दीड वर्षाची असेल, एका पायात पैंजण,
तोंडाला पाक.
डुलत डुलत काट्यापाशी गेली
आणि झोळीतून एक रजिस्टर ओढलं.
ते मातीत पडलं. तिला आवडलं.
दुसरं ओढलं.
काटा बारावर आला. अकरा. साडेनऊ.
साठ बायका, चार पोलीस, फाटकातून दिसणारे साहेब,
सगळे सावधान,
सगळ्यांचे डोळे त्या सुईवर,
आणि कोणी हलू शकत नव्हतं.
ऊन तिच्या जावळातून आरपार येत होतं.
मागे खाकी, पुढे पोषण आहाराची पानं, वर झेंडा.
सगळं एकाच चौकटीत.

बोट शिवशिवलं.
तेवढंच.

शेवटचा सूर संपला तेव्हा काटा चारवर होता.
पहिल्यांदा कोण हसलं माहीत नाही.
देवरेंनी खाली वाकून रजिस्टरं उचलली,
माती झटकली, एकेक परत झोळीत ठेवलं
आणि चौदा भरल्याची खात्री करून
आपल्या जागेवर गेले.

मोगीबाई वळवींनी विचारलं, तो काढला ना?
नाही. उभा होतो.
हां, म्हणाल्या, उभे होते ते पाहिलं मी.
मग जिलेबीच्या कागदावर नंबर लिहून दिला,
बाकीचे तरी पाठवा,
धडगावला रेंज आली की बघते.

मिरचीचे फोटो राहिले ते राहिलेच.

घरी येऊन कागद उघडला.
नऊ आकडे वाचता येतात,
दहावा पाकात विरघळला.
शून्य लावून पाहिला, असा नंबर नाही.
एकला एक वेल्डर मालेगावचा,
त्याने अंगणवाडीचे फोटो पाहिले, म्हणाला चांगले आहेत.
तीनवर कोणी तरी लगेच ठेवला.
चार नुसता वाजतो.
आज पुन्हा लावला.
वाजतोय.