पाण्याचं कुलूप

सुरगाण्याची पावणेसहाची गाडी.
तिकीट-मशीनशेजारी माझी लिटरची बाटली,
सकाळी भरलेली, संध्याकाळीही भरलेलीच.
दिंडोरी, वणी, पुढचा घाट.
घसा सुकतो, मी सुट्टे पैसे मोजते.
प्यायलं की जावं लागतं,
आणि जायचं म्हणजे जुन्या सीबीएसचं ते दार.

माझी एक रीत होती :
ओढणी नाकाला, श्वास कोंडून चाळीस आकडे.
एकतिसालाच छाती हरायची.
मग तो यायचा, डोळ्यांत झोंबत,
वर डांबरगोळ्या, फिनेल, कसलासा गुलाब,
न धुतलेल्या अंगाला अत्तर चोपडावं तसा.

लंकाबाई कामावर आली
आणि पहिल्याच दिवशी गुलाबाचा डबा कचऱ्यात.
"वासावर वास घालून वास मरतो व्हय?"
मागच्या झरोक्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स,
चौदा शुभेच्छुक, हात जोडून वारा अडवत उभे.
तिनं ब्लेडनं मधले चार कापले.
मग मोरीच्या जाळीपाशी उकिडवी बसली :
"हितं खाली वाकडी नळी, तिच्यात पाण्याचं कुलूप.
टिचभर पाणी ऱ्हायलं, की गटार तिकडं, आपण हिकडं.
सुकलं, की दार सताड."

शनिवारी नळ कोरडे, टाकीत गाळ.
तिनं माझ्या बॅगेकडे पाहिलं.
"भरलेली हाय. देती का?"
दिली.
दिवसभर ज्याला ओठ लावायला भ्याले
ते पाणी गुडगुड करत मोरीत उतरलं,
आणि खाली कुठंतरी
खरंच काहीतरी मिटलं.

मग ते ठरूनच गेलं.
गाडी लागली, की माझी बाटली तिच्या हातात.

परवा वणीला डेपोबाहेर मिरची-मीठ लावलेला पेरू खाल्ला,
तिखट होता,
कधी बाटली उघडली कळलंच नाही.
संध्याकाळी लंकाबाईनं ती कानाशी हलवली.
"रिकामी? आता माझ्या कुलपात काय घालू गं?"
रागावली की हसली, ठरवता आलं नाही,
बादली घेऊन ती वर्कशॉपच्या नळाकडे निघालीसुद्धा.

मी आत गेले.
कापलेल्या चार माणसांतून वारा येत होता,
बाहेरच्या गाडीवर कुणी कांदा परतत होतं, तो वास,
आणि थोडा तोही.
थोडा तोही, खोटं कशाला बोलू.
पण आकडे मोजायचे राहून गेले.