ओला दगड

"दगड ओला लागला. खोदकाम थांबवले आहे."
एवढंच म्हणतो गेम, आणि कुदळी टाकून
बुटके निघून जातात जेवायला.
अकरा रात्री झाल्या, मी तिसऱ्या थरावर अडकलोय.
खाली लोखंड आहे, कोळसा आहे,
मधे हा एकच थर,
चारी बाजूंनी झिरपणारा.
कितीही उपसा, तेवढाच.

आमच्याकडे विहिरीत ओल दिसली
की खालून हाक यायची, पाणी लागलं!
पाणाड्याला नारळ, खोदणाऱ्यांना गूळ-खोबरं.
इथे हिद्दला, मागच्या मार्चमध्ये,
साडेचार मीटरवर बकेटमधून राखाडी चिखल आला.
इद्रिस फोरमन वाकला, बोट बुडवून चाखलं, थुंकला.
"समुद्र," म्हणाला.
त्याच दुपारी माझे पंप आले.
तेव्हापासून मी पाणी उपसतो
आणि पाइपने परत समुद्रातच सोडतो.
पगार त्याचाच.

चौऱ्याऐंशी नळ्या जमिनीत, दोन जनरेटर,
आणि गुलफराज, जो झोपेतसुद्धा सांगतो
कुठल्या पंपाने हवा ओढली.
नियम सोपा आहे:
इमारतीला पुरेसं वजन येईपर्यंत पंप बंद करायचे नाहीत.
नाहीतर तळघर उचललं जातं, होडीसारखं.
ड्रॉइंगवर लिहिलंय, सहावा स्लॅब.

शाजी वरच्या बंकवरून विचारतो,
दिवसभर पाणी, रात्री पण पाणी?
त्याला काय सांगू.
रात्रीचं पाणी निळं असतं, चौकोनी असतं,
एक ते सात आकड्यांत मोजता येतं.
चारला छाती. सातला छत.

जाणकार सांगतात, हिवाळ्याची वाट बघा,
पाणी गोठलं की बर्फ फोडून उतरा.
मी नकाशाच घेतला होता वाळवंटाचा.
सवय, दुसरं काय.

म्हणून मग भिंत.
एक दगड, एक पाऊल, थोडा उपसा, पुन्हा एक दगड.
गवंडीण होती एक, येसू.
नाव मीच ठेवलेलं, कणकवलीला स्टँडच्या मागे
कल्हई लावत बसायच्या त्या बाईंचं.
इतका चालणारा हात मी दुसरा बघितला नाही.
बाराव्या रात्री शेवटचा दगड तिनेच बसवला.
पलीकडून.

असं होतं. गेमला बाजू कळत नाही,
काम झालं का, तेवढं कळतं.
अलीकडे कोरडा जिना, थेट लोखंडापर्यंत.
पलीकडे येसू, तीन आकडी पाण्यात.
भिंत फोडली तर वसाहत बुडते.
मी तिच्या नावावर क्लिक केलं.
मनःस्थितीच्या रकान्यात लिहिलेलं,
"अलीकडेच एक उत्तम भिंत पाहून ती समाधानी आहे."

स्पेसबार दाबला आणि लॅपटॉप मिटला.
थांबलेल्या गेममध्ये कुणाला तहान लागत नाही.

गुरुवारी सहावा स्लॅब झाला.
नंतरच्या आठवड्यात साहेबांची सही आली,
गुलफराजने एकेक पंप बंद केला,
आणि तेरा महिन्यांनी मला
शेजारच्या मशिदीतल्या नळाचा आवाज ऐकू आला.
आम्ही तळघरात उतरलो.
खाली ते परत येत होतं आपल्या जागी,
काही घाई नव्हती त्याला.
गुलफराजने फरशीवर टाच आपटून बघितली.
इद्रिसने चहा सांगितला.
कुणी काही बोललं नाही, इमारतही नाही.

रात्री झोप येईना.
इतकी शांतता कानाला सोसत नाही.
शाजी घोरत होता, तेवढाच आधार.
लॅपटॉप उघडला. येसू तिथेच, तिनात,
हातात अजून करणी.
वरच्या थरात, बरोबर तिच्या डोक्यावर
एक चौकोन आखला, म्हटलं खोदा.

"दगड ओला लागला. खोदकाम थांबवले आहे."

माहीत आहे, बाबा.
परत आखला.
परत.